आधी हिशोब, मग राजीनामा

अगं, मुलं झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून राहिलेलं चार्टिंग उपसत बसतेस ना? आणि मध्येच मनात येतं, सोडावी ही नोकरी, आपलं डायरेक्ट प्रायमरी केअर (डीपीसी) सुरू करावं. लगेच छातीत धस्स होतं. होऊ दे गं. दोन हजार पेशंटांचं पॅनेल सांभाळणाऱ्या बाईला चारशे मेंबर जड जाणार आहेत होय?

पण आधी कागदपत्रं काढ. अजून एच-वन-बीवर आहेस की ग्रीन कार्ड आलंय? एच-वन-बी त्या एका एम्प्लॉयरशी बांधलेला असतो, त्यामुळे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. जे-वन वेव्हरची तीन वर्षं चालू असतील तर ती निमूट पुरी कर. मग नोकरीचा करार वाच. नॉन-कॉम्पीट किती मैलांचा आहे आणि मालप्रॅक्टिसचं टेल कव्हर कोण भरणार, हे कळल्याशिवाय राजीनाम्याचं नावही काढू नकोस. टेल महाग असतं बघ.

आता पैसे. खरी भीती तीच आहे, ठाऊक आहे मला. वही घे. इन्शुरन्सला बिल पाठवायचंच नाही, मेंबर दरमहा ठरलेली फी देणार. समज, 75 डॉलर. 400 मेंबर झाले की महिन्याला 30,000. त्यातून भाडं, मालप्रॅक्टिस, सॉफ्टवेअर, मेडिकल असिस्टंट, आणि उरेल तो तुझा पगार. पण सुरुवातीला 100 मेंबर असले तर 7,500च येतील. त्यात दवाखाना कसाबसा चालेल, घर नाही. म्हणून वर्षभराचा घरखर्च बाजूला टाक आणि जागा लहान घे. फर्निचरच्या नादी तर लागूच नकोस! मी वेटिंग रूमसाठी डझनभर झकास खुर्च्या घेतल्या होत्या. प्रत्येक पेशंटला अर्धा तास ठरलेला, तोही वेळेवर. मग तिथे वेटिंग करतंय कोण? आता त्या आमच्याकडे गणपतीत कामाला येतात.

मेडिकेअरचं मात्र घाईत करू नकोस. मेडिकेअरवाल्या आजी-आजोबांकडून फी घ्यायची तर ऑप्ट-आउट करावं लागतं, आणि ते दोन वर्षांचं असतं. पहिल्यांदाच करत असशील तर 90 दिवसांत मागे फिरता येतं, नंतर नाही. शिवाय ते दवाखान्याला नाही, तुला लागू होतं. म्हणजे घर चालावं म्हणून शनिवार-रविवारी दुसरीकडे शिफ्ट करायचा बेत असेल, तर तिथेही तुझ्या नावाने मेडिकेअरला बिल लावणं अडतं. शिफ्ट देणाऱ्यांशी आधी बोलून घे.

एक गोष्ट तुझ्या बाजूची झाली आहे. 1 जानेवारी 2026पासून, फी एकट्याला महिना 150 आणि कुटुंबाला 300 डॉलरच्या आत असेल तर, हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट (एचएसए) असलेली माणसंही मेंबर होऊ शकतात, आणि ती फी एचएसएमधून भरू शकतात. फीत काय काय येतं, यावरही अटी आहेत. औषधं त्यात गुंडाळू नकोस, आणि पॅकेज अकाउंटंटला दाखव.

प्रत्येक मेंबरला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांग, "हा इन्शुरन्स नाही. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तर त्याचं बिल यातून भरलं जाणार नाही. तुमचा इन्शुरन्स सोडू नका." मेंबरच्या करारातही तसं लिहून घे. बऱ्याच राज्यांच्या कायद्याने डीपीसी इन्शुरन्स धरलं जात नाही. तुझ्या राज्याचे नियम वकिलाकडून तपासून घे.

आणि खरं सांगू का, आपल्याला सगळ्यात अवघड जातं ते फी मागणं. मराठी मंडळात कुणीतरी पुरणपोळीचं ताट हातात धरून गाठणारच, "डॉक्टर, सहज एक विचारायचं होतं." हसून म्हण, "विचारा की, पण मेंबर होऊन विचारा." लाजायचं काय त्यात? गावाकडच्या फॅमिली डॉक्टरसारखी तू फोनवर सापडणार आहेस, पंधरा मिनिटांत कुणाला वाटेला लावणार नाहीस. त्याचेच पैसे आहेत ते.

तेव्हा या रविवारी नोकरीचा करार आणि वही घेऊन बस. आकडे जमले नाहीत तर लगेच मला फोन कर, दोघी मिळून जमवू. तोवर बॉसला अवाक्षर बोलू नकोस.