पत्र्याखालच्या संसाराला आत्याचे कानमंत्र

लेकरा, जालन्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, कारखान्यापासून दहा मिनिटांवर खोली मिळाली, वर पत्रा आहे पण भाडं परवडतं, असं तू फोनवर सांगितलंस. मी ‘बरं झालं’ म्हणाले खरं, पण फोन ठेवल्यावर माझी नजर आपोआप वर गेली. आमच्याही डोक्यावर अठ्ठावीस वर्षं पत्राच होता. तुझे मामा रोलिंग मिलला, मी घरात, आणि आमच्या दोघांच्या मधे तो पत्रा. त्याचा स्वभाव मला मामांपेक्षा जास्त कळला.

सूनबाई पुण्याकडची, तिला वादळ म्हणजे जूनची गोष्ट वाटत असेल. तिला सांग, आपल्याकडचं खरं वादळ गहू ओंबीत आणि हरभरा घाट्यात असताना येतं. हिमालयात बर्फ पिसासारखा उतरतो, आपल्याकडं गोट्यांसारखा पडतो. ११ फेब्रुवारी २०१८, रविवार होता. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात गारांच्या मारानं दोन वयस्कर माणसं गेली, एक वंजार उम्रदचा आणि एक जाफराबाद तालुक्यातला. गहू, हरभरा, द्राक्षं, मोसंबी गेली ती वेगळीच. उत्तरेची थंड हवा आणि समुद्रावरून आलेलं बाष्प यांची गाठ पडते ती नेमकी आपल्या डोक्यावर. त्यात थंडीच्या दिवसांत आभाळातली गोठणारी हवा बरीच खाली आलेली असते, म्हणून गार वितळायच्या आत जमिनीला पोचते.

पडते पंधरा मिनिटं. पण तुझं काय होणार ते त्याच्या महिनाभर आधी ठरलेलं असतं, आणि उरलेलं ती थांबल्यावरच्या अर्ध्या तासात ठरतं. मधल्या पंधरा मिनिटांत करण्यासारखं फार काही नसतं. म्हणून आधीचंच जास्त सांगते.

१. दिवाळीची झाडझूड झाली की पत्र्याचे जे-हुक एकेक बघ, गंजलेला बदल, रबरी वायसर फाटला असेल तर नवा घाल — वाऱ्याला बोट दिलं की तो पत्रा धरतो.

२. पत्र्यावर दगड ठेवू नको, मालक ‘सगळेच ठेवतात’ म्हणाला तरी. शांत दिवशी दगड पत्र्याला धरून बसतो आणि वादळात पत्रा दगडाला घेऊन उडतो — तो खाली कुणाच्या लेकराजवळ येईल ते दगडाला माहीत नसतं.

३. दगडाऐवजी आडवा अँगल टाकून दोन्ही टोकांना भिंतीशी आवळून घे — घरोघरच्या स्लॅबला सळई पुरवणाऱ्या गावात राहतोस, वीतभर लोखंडासाठी कंजूषपणा केलास तर मामा हसतील.

४. मागच्या पडवीवर सिमेंटचा पत्रा आहे म्हणालास, त्यावर पाय म्हणून देऊ नको. वर काही करायचंच असेल तर आडवी फळी टाकून, आणि खाली कुणाला तरी उभं करून — तो दिसतो दगडासारखा आणि फुटतो पापडासारखा.

५. पन्हाळीतला पाला काढून ठेव — गारा आधी तिथंच घर करतात, मग पाणी भिंतीत वाट शोधतं.

६. कपडे वाळत घालायची तार लोखंडी असेल तर आजच काढ आणि नायलॉनची दोरी बांध. विजेच्या खांबाला किंवा पत्र्याच्या अँगलला तर काहीच बांधू नको. सर्व्हिस वायर पत्र्यावर घासून सोलली की पत्रा, अँगल, तार सगळ्यांत करंट उतरतो — मग ओला टॉवेल काढायला गेलेली बाई दारातच चिकटते. हा एक मंत्र पाळलास तर बाकीचे चार विसरलास तरी मी रागावणार नाही.

७. मेन स्विच सूनबाईला डोळे मिटून सापडला पाहिजे. एकदा खरंच डोळे मिटायला लाव, हसण्यावारी नेईल, पण लाव — वादळ तुझी शिफ्ट बघून येत नाही.

८. पाणी साठवून ठेव असं जालन्यात सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, ते सोडून देते. फक्त एक हंडा झाकून घरात ठेव — वीज गेली की बोअर बंद, आणि बाहेरच्या ड्रमात तोवर अर्ध्या गल्लीचा पाचोळा.

९. सातबारा, दाखले, आधार प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, आणि डबा ना माळ्यावर ना पलंगाखाली, मधल्या फळीवर — पाणी एकतर वरून येतं नाहीतर खालून, मधून येताना मी तरी पाहिलं नाही.

१०. खोलीतली सगळ्यात भक्कम जागा आताच ठरवून ठेव. तुमच्याकडं न्हाणीवर टाकी आहे, म्हणजे वर स्लॅब असणार — वेळ आली तर राजवाड्यापेक्षा न्हाणी बरी. विजा चमकत असताना नळाला मात्र हात लावायचा नाही.

११. हेल्मेट गाडीला अडकवून ठेवू नको, दाराच्या आतल्या खुंटीला टांग — गार पडायला लागल्यावर गाडीपर्यंत जायलाही हेल्मेट लागतं.

हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला शिकवलं ते कुरडयांनी. २०१४ साली फेब्रुवारी सरता सरता सुरू झालेली गारपीट मार्च अर्धा झाला तरी थांबेना. आज इथं, उद्या तिथं, अख्ख्या मराठवाड्याचा रब्बी झोडपून काढला. आमच्याकडं दोन दिवस ऊन निघालं आणि मी बाई खुळी, ‘झालं आता’ म्हणून दोन पायली गव्हाच्या कुरडया बाजेवर घातल्या. तिसऱ्या प्रहरी वारा एकदम पडला. चिमण्या गप्प. मग थंडगार झोत आला, ओल्या मातीचा वास घेऊन, आणि पत्र्यावर एकच ‘टण्ण’ वाजलं. एकच. मला वाटलं पोरांनी दगड मारला. दुसऱ्या टण्णला कळलं, आणि मी काय केलं असेल? पदर खोचून कुरडयांकडं पळाले. चार पावलं गेले असेन, भांगावर गार अशी बसली की डोळ्यांपुढं दोन बाजा दिसायला लागल्या. मामांनी मागून पदर धरून आत ओढलं. कुरडया गोळा झाल्या नाहीत, मी गोळा झाले.

तरी खोड बघ. टेंगळावर फडकं धरून बसले आणि उंबऱ्यात घरंगळलेली एक गार अडकित्त्यानं मधोमध फोडली. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक पांढरा, एक काचेसारखा. मामा म्हणाले, वरच्या वाऱ्यात भटकत असते, ढगात कुठं पाणी कमी कुठं जास्त, तसतसा वेगळा थर चढतो. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच, खाली यायच्या आधी दहा कामं.

१२. वारा एकदम पडला आणि उकडता उकडता गार झोत आला, तर बाहेरचं जे काही वाळत असेल ते वाळत राहू दे — कुरडई पुन्हा घालता येते.

१३. मोबाइलवर ‘दामिनी’ घे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलंय, जवळपास वीज पडत असली की सांगतं. आणि मोबाइल बंद पडला तर तोंडानं मोज : वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की घरात — वीज दहा किलोमीटरवर आहे हे ऐकायला लांब वाटतं, तिला नाही वाटत.

१४. वाऱ्याच्या तोंडाचं दार-खिडकी आधी लाव — वारा आत शिरून कोंडला की घराचा फुगा होतो, आणि फुग्याचा सगळ्यात कच्चा भाग तुझा पत्रा.

१५. फ्रिज, टीव्ही, चार्जर यांच्या पिना ढग गरजायच्या आधी काढ, गरजायला लागल्यावर त्यांना हात लावू नको — फ्रिज हप्त्यावर परत घेता येतो.

१६. गाडीवर असशील तर ‘दोन मिनिटांत घरी’ हे शब्द जिभेवर आणू नको. दिसेल त्या पक्क्या इमारतीत घुस, झाडाखाली नाही, एकट्या टपरीच्या आडोशाला नाही आणि होर्डिंगखाली तर मुळीच नाही — २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली, त्यांतली कितीतरी पावसापासून वाचायलाच थांबली असतील.

१७. कारखान्यात असशील तर शेडच्या कडेला, उघड्या शटरशी उभं राहून व्हिडिओ काढू नको — सुटलेला पत्रा आडवा येतो, पातीसारखा.

१८. तू स्टोअरला आहेस, भट्टीवर नाहीस, तरी ऐकून ठेव : पावसात भिजलेलं भंगार भट्टीकडं चाललेलं दिसलं तर ओरड, कुणी हसलं तरी. वितळलेल्या लोखंडात पाणी कोंडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी उसळते — भिजलेलं भंगार आणि भिजलेली दारू यांतलं भंगारच पेटतं, असं मामा म्हणायचे.

१९. समोरच्या शेडमध्ये बिहारकडची पोरं राहतात ना? आभाळ भरलं की त्यांना हाक मार, तुझ्या न्हाणीत दाटीवाटीनं चौघं मावतील — त्यांच्या शेडला भिंतीही पत्र्याच्याच आहेत, आणि त्यांना हाक मारायला इथं आत्या नाही.

२०. गावाकडं शेतात सापडलास तर एकट्या झाडापासून लांब सर, दोन्ही पाय जुळवून उकिडवा बस, डोकं गुडघ्यांत — आडवा झोपलास तर जमिनीतला करंट अंगभर फिरायला जागा मिळते.

गार थांबली की सगळे दार उघडून ‘आहाहा, काश्मीर’ म्हणत बाहेर येतात. मला धास्ती या वेळेची असते.

२१. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांब, चहा ठेव — आभाळ जातानाही मागं वळून बघतं.

२२. बाहेर पडताना पायात रबरी चप्पल आणि नजर आधी वर, मग खाली. तार तुटून पडलेली दिसली तर ती मेलीय असं समजू नको, लांबूनच लोकांना थोपव आणि १९१२ ला कळव — काठीनं सरकवायला जाणारा शहाणा दर वादळात एक तरी निघतो.

२३. पत्रा कुठं तारेला टेकलाय का हे बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, आणि गेलेली वीज परत आली तरी पिना पाच-दहा मिनिटांनी लाव — आलेली लाइट नव्या नवरीसारखी, जरा स्थिरावू द्यावी.

२४. गारांनंतर थंडी हाडात शिरते, तेव्हा दारं बंद करून शेगडी पेटवायचा मोह होईल. खिडकी उघडी ठेवूनच पेटव आणि झोपायच्या आधी शेगडी दाराबाहेर — कोळशाच्या वाफेला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. समोरच्या पोरांनाही हे सांग, त्यांच्या शेडला खिडकीच नाही.

२५. फुटलेला पत्रा, भिजलेलं धान्य झाडून काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो घे आणि तलाठ्याकडं पंचनाम्याचं सांग — साहेब येईपर्यंत तुझं अंगण स्वच्छ झालेलं असतं आणि स्वच्छ अंगणाचं नुकसान कुणी लिहीत नाही. मी एकदा इतकं लखलखीत झाडलं होतं की आलेल्या माणसानं विचारलं, ‘मावशी, गारा शेजारी पडल्या का?’

२६. गारा खायच्या नाहीत. एक वाटीत वितळू दे आणि तळाशी काय बसतं ते सूनबाईला दाखव — एमआयडीसीच्या धुराड्यांतून वर गेलेलं सगळं तीच खाली घेऊन येते.

२७. सगळं निवलं की एक मिस्ड कॉल दे, बोलत बसू नको, बॅटरी राख — नाहीतर मी तुझ्या बापाला फोन लावते, तो तुझ्या आईला, आणि वादळ जालन्यात राहून घबराट परभणीपर्यंत जाते.

या रविवारी ये. शिडी आमच्याकडं आहे, मामांचा पान्याचा डबाही आहे, वायसर मात्र तू घेऊन ये. आणि हो, यंदा कुरडया गच्चीच्या खोलीत पंख्याखाली वाळवल्यात. दोन डबे सूनबाईसाठी बाजूला काढून ठेवलेत, हुक बसवून झाले की मिळतील.