सास्सिकाया उघडण्याआधी

तुला शिपवर वाइन वाढायचं काम मिळालं आणि पहिलीच फेरी इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून सुटणार. म्हणजे यादीत तिथली सास्सिकाया ही रेड वाइन असणार, आणि आज ना उद्या कुणीतरी ती मागणार. या मामाने आयुष्यभर शिपवर हेच काम केलं, तेव्हा त्या बाटलीबद्दल जे ठाऊक आहे ते तुझ्या कानावर घालून ठेवतो. बाकीच्या वाइन तू काम करता करता शिकशील. ही मात्र शिकण्यासाठी उघडायची बाटली नव्हे.

सगळ्यात आधी हे धर पोरी, की हिच्याशी घाई चालत नाही. का, ते समजून घे. मग पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील.

तोस्काना प्रांतात, लिव्होर्नोच्या दक्षिणेला, समुद्रापासून जवळच बोल्गेरी नावाचं गाव आहे. तिथली जमीन मारिओ इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांच्या बायकोच्या, क्लारिचे देल्ला गेरार्देस्का यांच्या माहेरची. मारिओ पिएमोंतेच्या सरदार घराण्यातले. त्यांना नाद दोन, शर्यतीचे घोडे आणि फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन. घोड्यांचं म्हणशील तर रिबो हा त्यांच्याच भागीदारीतल्या तबेल्याचा. १६ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. १९५५ आणि १९५६, लागोपाठ दोन वर्षं त्याने पॅरिसची मोठी शर्यत मारली. वाइनची हौस मात्र इतक्या लवकर फळाला आली नाही. १९४४ मध्ये मारिओंनी बोल्गेरीजवळच्या टेकडीवर कॅबरने या बोर्दोतल्या द्राक्षाच्या वेली लावल्या. तिथली खडकाळ जमीन त्यांना बोर्दोतल्या ग्राव्ह भागासारखी वाटली होती. आसपासच्यांना सांजिओवेजे द्राक्षाची, लवकर प्यायची, हलकी वाइन माहीत. ही काळपट, तुरट वाइन चाखून त्यांनी तोंडं वाकडी केली. मग ती घरीच राहिली. जवळजवळ वीस वर्षं बोल्गेरीबाहेर कुणाला विकलीच नाही. पण तळघरात ठेवलेल्या जुन्या बाटल्या उघडल्या तेव्हा तोच तुरटपणा वितळून वाइन बांधेसूद झालेली! तेव्हा मारिओंचा भाचा पिएरो अंतिनोरी आणि अंतिनोरींचे वाइनतज्ज्ञ ज्याकोमो ताकिस यांनी हात लावला, आणि १९६८ च्या हंगामाची वाइन १९७१ मध्ये बाजारात आली. पुढे १९७८ साली लंडनमध्ये डिकँटर मासिकाने जगभरच्या कॅबरने वाइनची चाखणी ठेवली. तीत १९७२ ची सास्सिकाया पहिली आली.

ही हकीकत पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायची नाही. कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांग. पण तुझ्या डोक्यात ती पक्की असू दे, कारण बाटली निवडताना ती उपयोगी पडते. वाइन मुरायला वेळ मागते, लोणचं मागतं तसा. हिच्यात ८५ टक्के कॅबरने सॉव्हिन्यॉन आणि १५ टक्के कॅबरने फ्रँ. वाइन २२५ लिटरच्या फ्रेंच ओकच्या पिंपांत सुमारे दोन वर्षं राहते. त्यामुळे कोवळी बाटली बंद मुठीसारखी असते. यादीत एकापेक्षा जास्त सालं असतील आणि पाहुणा 'तुम्हीच सांगा' म्हणाला, तर दहा वर्षं ओलांडलेली बाटली सुचव. साल वाचायची सवय लाव. १९८५ च्या सास्सिकायाला रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाइनसमीक्षकाने १०० पैकी १०० गुण दिले, तेव्हा त्या बाटलीवर लोक आजही जीव टाकतात. २०१५ ची अमेरिकेच्या वाइन स्पेक्टेटर मासिकाने २०१८ मध्ये वर्षातली सर्वोत्तम ठरवली. हे साल मागणारे तुला वरचेवर भेटतील.

आता लेबल. निळ्या वर्तुळात आठ टोकांचा सोनेरी तारा, खाली तेनुता सान ग्विदो हे इस्टेटीचं नाव. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेव. १९९४ च्या आधीच्या सालांच्या बाटलीवर साधं 'टेबल वाइन' असं इटालियनमध्ये लिहिलेलं असतं. तेव्हाच्या इटालियन नियमांत बोल्गेरीच्या कॅबरनेला जागाच नव्हती, म्हणून देशातली एक सर्वोत्तम वाइन सगळ्यात खालच्या पायरीवर विकली गेली. बोल्गेरी सास्सिकाया हा अधिकृत दर्जा १९९४ पासून आला. म्हणजे १९८५ च्या बाटलीवर 'टेबल वाइन' दिसलं तर बाटली खोटी समजू नकोस. उलट १९८५ च्या बाटलीवर हा नवा दर्जा छापलेला दिसला, तर उघडू नकोस. सरळ हेड सॉमेलिएला बोलाव. खोटी सास्सिकाया ही ऐकीव गोष्ट नव्हे. २०२० मध्ये इटलीच्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी मोठी टोळी पकडली. सिसिलीची स्वस्त वाइन, तुर्कस्तानातल्या बाटल्या, बल्गेरियातली लेबलं आणि पेट्या, असा तो माल होता. खरी रिकामी बाटली हाती लागली तर असल्यांचं काम आणखी सोपं, म्हणून तिच्यावरही नजर ठेव. टेबलावरून उचलली की लेबलवर मार्करने फुली मार. रिकामी बाटली कुणाला 'आठवण' म्हणून देऊ नकोस, पाहुण्याने स्वतःचीच बाटली मागितली तर गोष्ट वेगळी.

वाढण्याचं म्हणशील तर गरम वाइन ही सगळ्यात मोठी चूक. रेड वाइन खोलीच्या तापमानाला, असं पुस्तकात वाचलं असशील. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, आपल्या मुंबईतली नव्हे. १६ ते १८ अंश हवेत. शिपच्या डायनिंग हॉलमध्ये बाटली नुसती ठेवली तर त्याच्या वर जाते, आणि मग दारूचा वास आधी येतो, फळ मागे पडतं. बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला लाजू नकोस. कुणी भुवई उंचावली तर हसून म्हण, 'जराशी थंड झाली की अजून खुलेल'.

साल जुनं असेल तर आदल्या दिवशीच बाटली उभी कर. आडवी असताना साका अंगभर पसरलेला असतो, तो तळाला बसू दे. इथे शिपची अडचण आहे. समुद्रात शिप हलतं, आणि साका पुन्हा वर येतो. म्हणून जुन्या बाटलीची मागणी आली तर शक्यतो शिप बंदराला लागलेलं असेल त्या संध्याकाळची वेळ पाहुण्याला सुचव. हे माझ्या वेळच्या फारच थोड्या लोकांना सुचायचं.

फॉइल गळ्याच्या खालच्या कडेखाली काप, म्हणजे वाइनची धार फॉइलला लागत नाही. कॉर्कस्क्रू बुचाच्या मधोमध, सरळ. बूच जुनं आणि ठिसूळ वाटलं तर दोन पात्यांचं ओपनर वापर, बाजूने आत सरकवून हळूहळू पिळत काढायचं. फटाक आवाज करायचा नाही. आवाज म्हणजे घाई. बूच हातात आलं की ते हुंगून वेळ घालवू नकोस, दोन घोट ग्लासात घे आणि तिथे नाक लाव. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर बुचाने वाइन बिघडवली. पाहुण्यापुढे वाद घालायचा नाही. 'माफ करा, दुसरी बाटली आणते', एवढंच. बाटली कितीही महाग असो, हेच वाक्य.

डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, त्याबद्दल शिपवर कुणालाही विचार, दहा तऱ्हा सांगतील. माझी तऱ्हा अशी. कोवळी सास्सिकाया दोन-तीन तास आधी ओत, मोकळेपणी ओत, हवेने तिचा ताठा जातो. पंधरा-वीस वर्षांपुढची मात्र अगदी आयत्या वेळी, हलक्या हाताने, गळ्याखाली उजेड धरून. साक्याची पहिली रेघ दिसली की थांब. तळाशी राहिलेल्या दोन घोटांचा मोह धरू नकोस. फार जुन्या वाइनला हवा सोसत नाही. ओतून तासभर ठेवली की तिचा सुगंधच उडून जातो. ग्लास तिसरा हिस्सा भर, जास्त नाही, आणि वाढण्याआधी रिकामा ग्लास हुंगून बघ. साबणाचा वास असेल तर पुढचं सगळं फुकट.

जेवणाचं सांगतो. तोस्काना म्हणजे जाड गोमांस, निखाऱ्यावर भाजलेलं, आतून लाल. तिथल्याच मारेम्मा भागाच्या जंगलातलं रानडुक्कर, पेकोरीनो चीज. तुरटपणा आणि चरबी एकमेकांना धरून राहतात, म्हणून हे जमतं. तुझ्या टेबलावर आपली माणसंही बसतील, तिखट मटण मागतील. मिरचीने अल्कोहोल जळजळीत लागतं आणि तुरटपणा कडू. त्यांना 'हे याच्याबरोबर नको' असं म्हणू नकोस. आधी वाइनबरोबर भाजलेलं मटण किंवा जुनं चीज आण, तिखट मागाहून येऊ दे. खर्च त्यांचा आहे, मजा त्यांची आहे. मध्ये उभं राहून नियम सांगणाऱ्या वेटरचा मला राग येतो.

शिपवर जाण्याआधी हात बसवायचा असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते ही वाइन आण. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून ती वायनरी उभी केली, वाइन बनवायला तोस्कानाचे पिएरो मासी. सांजिओवेजे आणि कॅबरने सॉव्हिन्यॉन यांचा तो मेळ आहे. सास्सिकाया नव्हे, पण तापमान, बूच, डिकँटर, सगळा सराव तिच्यावर होतो, आणि बाटली वाया गेली तरी झोप उडत नाही. थोडी थंड, थोडी गरम, दोन ग्लासांत शेजारी ठेवून चाख. तापमानाबद्दल मी का इतकं बोललो ते तिथेच कळेल.

शिप लिव्होर्नोला थांबेल त्या दिवशी सुट्टी मिळाली तर दक्षिणेची ट्रेन पकड आणि दोनोरातिकोला उतर. तिथून बोल्गेरीला जाताना सान ग्विदोच्या चॅपेलपासून गावापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर सरूच्या झाडांची दुहेरी रांग आहे, कवी कार्दुच्चींनी जिच्यावर कविता केली ती. वायनरीत न विचारता शिरू नकोस, कुंपणाबाहेरून वेली दिसतात. दगड बघ, समुद्र किती जवळ आहे ते बघ, वारा कुठून येतो ते बघ. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी बरोबर ने. परतीच्या ट्रेनची वेळ जाण्याआधीच लिहून घे, रविवारी गाड्या कमी असतात, आणि शिप तुझ्यासाठी थांबत नाही.