मातीची सरासरी आणि तीतील दोन शिखरे

मातीचा नमुना कसा घ्यावा, हे बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. शेतात नागमोडी चालत पंधरावीस ठिकाणी वीतभर खोल माती काढावयाची, ती एका पाटीत कालवावयाची, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकावयाचे, आणि शेवटी उरलेली अर्धा शेर माती पिशवीत घालून तपासणीस पाठवावयाची. रीत चांगली आहे. परंतु ती एका गोष्टीवर विसंबून आहे. शेतातील माती सर्वत्र साधारण एकाच जातीची असली पाहिजे. तशी ती नसेल तर काय होते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल कालव्याखालचे एक शेत घेऊ. त्याचा वरचा भाग मुरमाड व निचऱ्याचा असून ओढ्याकडील भाग खोलगट व काळ्या मातीचा आहे. वीस ठिकाणची माती न कालवता निरनिराळी तपासली, आणि संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, डेसिसायमन प्रतिमीटर ह्या परिमाणात काढली, असे समजा. वरच्या बारा ठिकाणी ती ०.५ ते ०.९ आली व खालच्या आठ ठिकाणी ६.६ ते ८.४ आली. विसांची बेरीज ६८ झाली तर सरासरी ३.४ पडते. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारभूमि प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ४ हा आकडा क्षारयुक्त जमिनीची सीमा म्हणून धरला आहे, व तो आजही सर्वत्र वापरात आहे. तेव्हा पाटीत कालवलेल्या मातीचा दाखला ‘जमीन क्षारयुक्त नाही’ असाच येणार; आणि शेताचा पाऊण हिस्सा नव्हे, तरी चांगला दोनपंचमांश हिस्सा तर क्षाराने पछाडलेला!

आता हेच आकडे कागदावर मांडून पाहावेत. एका रेषेवर ० पासून ९ पर्यंत घरे आखावी व प्रत्येक मापाबद्दल त्या त्या घरात ज्वारीचा एक दाणा ठेवावा. पहिल्या घरात बारा दाण्यांचा ढीग होईल, सहा ते नऊ ह्या घरांत दुसरा ढीग होईल, आणि मधली पाच घरे रिकामी राहतील. सरासरीचा ३.४ हा आकडा नेमका ह्या ओसाड जागेत पडतो. म्हणजे ज्या मातीचा दाखला आपल्या हाती आला, ती माती शेतात कोठेच नाही. अशा मांडणीस द्विशिखर वितरण म्हणतात.

दोन शिखरे दिसली की त्यांच्यामागे बहुधा दोन निरनिराळी कारणे असतात, आणि रसायनशास्त्रज्ञास ह्या आकृतीचे महत्त्व त्याकरिताच वाटते. गव्हाच्या दाण्यातील पिठूळ द्रव्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले असता हाच प्रकार आढळतो. काही कण मोठे, मसुरीच्या आकाराचे, दहा मायक्रॉनहून अधिक व्यासाचे. बाकीचे लहान व वाटोळे. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मोठे कण फुलोऱ्यानंतर थोड्याच दिवसांत धरू लागतात, तर लहानांची निपज त्यानंतर काही दिवसांनी सुरू होते, दोन शिखरे म्हणजे दोन हंगामांची जणू खूणच. गंमत अशी की, कण मोजले तर शेकडा नव्वदाहून अधिक लहान भरतात, आणि वजन केले तर सुमारे शेकडा सत्तर भार मोठ्यांचा निघतो. ‘सरासरी कण केवढा?’ ह्या प्रश्नास म्हणूनच एक सरळ उत्तर नाही.

शेताकडे परत येऊ. आपल्या दोन ढिगांचे कारण पाणी हे आहे. वरच्या भागास दिलेले जादा पाणी पाझरून खोलगट भागाखाली साचते, जमिनीतील पाण्याची पातळी वर चढते, ते पाणी उन्हाने उडून जाते व त्यातील क्षार वर राहतात. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झाले, आणि डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे ह्यांनी त्या खोऱ्यातील क्षारजमिनींवरील आपली पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली. खराबी दिसून येण्यास पंचवीस वर्षेही पुरली.

ह्या शेतात कांदा लावावयाचा असला तर काय होईल? मास व हॉफमन ह्यांनी १९७७ साली दिलेल्या कोष्टकानुसार कांदा १.२ पर्यंत क्षार सोसतो व पुढे प्रत्येक एककास उतारा शेकडा सोळांनी घटतो. सरासरीवर हिशेब केला तर सबंध शेताचा उतारा एकतृतीयांशाने कमी येईल असे वाटते. प्रत्यक्षात वरच्या भागात काहीच घट नाही, आणि खालच्या भागात, जेथे सरासरी ७.४ आहे, तेथे कांदा जवळजवळ येणारच नाही. तेथे लावलेले रोप, खत व मजुरी ही सर्व मातीत गेली असे समजावे. त्याच जागी जव मात्र ८ पर्यंत निभावतो.

सरासरी पाहून ‘थोडे क्षार आहेत, तर सर्व शेतास भरपूर पाणी देऊन ते धुऊन काढावे’ असे कोणी ठरविल्यास तो उपाय अपायच होय. वरचे पाणी खालीच उतरते. आधी खालच्या कडेने खोल चर काढून ओढ्यापर्यंत निचरा करून द्यावा, मग त्या भागापुरतेच पाणी भरून क्षार धुवावे, व वरच्या भागाचे पाणी उलट आखडून द्यावे.

म्हणून नमुना घेण्यापूर्वी शेतातून एकदा स्वस्थपणे फिरावे. पिकाची उंची, मातीचा रंग, उन्हाळ्यात वर येणारे पांढरे फूल, ह्यांवरून जेथे फरक दिसेल तेथे वेगळी पाटी धरावी. दोन पिशव्यांचा खर्च एका पिशवीच्या दुप्पट असला तरी वाया गेलेल्या कांद्यापुढे तो काहीच नाही. मात्र दोनचार मापांवरून शिखरांचा निर्णय करू नये. योगायोगानेही ढीग पडतात. आणि दोन भागांतील फरक थोडा असला तर दोन्ही ढीग एकमेकांत मिसळून एकच रुंद ढीग दिसतो, तेव्हा आकृतीपेक्षा डोळ्यांवर अधिक भिस्त ठेवावी.

दाखला हाती आल्यावर माप कोणत्या रीतीने काढले ते अवश्य विचारावे. पुष्कळ ठिकाणी संपृक्त अर्काऐवजी एक भाग माती व दोन किंवा अडीच भाग पाणी ह्यांच्या मिश्रणात वाहकता मोजतात. तो आकडा बराच लहान येतो, व त्यास वरील ४ ची सीमा लागू पडत नाही. दोन्ही भागांचे नमुने एकाच दिवशी, पावसाळ्यापूर्वी घ्यावेत. एका मोठ्या पावसानंतर वरच्या थरातील क्षार खाली जातात, आणि जून सरल्यावर घेतलेली पिशवी निराळेच सांगते.