ग्रंथदर्शन : भाविकांसाठी वाचनाची वाट

तीर्थक्षेत्री आलेला भाविक देवदर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी बहुधा एखादा ग्रंथही विकत घेतो. तो ग्रंथ घरी पोहोचतो, देव्हाऱ्यात स्थानापन्न होतो, त्यास गंधाक्षता वाहिल्या जातात. पुढे तो लाल वस्त्रात बांधलेला राहतो. ग्रंथाचे पूजन ही आपली जुनी आणि सुंदर परंपरा आहे. परंतु ज्या संतांनी हे ग्रंथ निर्माण केले, त्यांनी ते बांधून ठेवण्यासाठी निर्माण केले नव्हते. ज्यांच्यासाठी ज्ञानाचे दार बंद होते, त्यांच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचावे, ही त्यामागची तळमळ होती. म्हणूनच ग्रंथ उघडून वाचणे हीच त्याची खरी पूजा होय. कोणते ग्रंथ वाचावेत, ते कसे निवडावेत आणि वाचनाचा नेम कसा चालवावा, याविषयी भाविकांच्या उपयोगासाठी येथे थोडक्यात विवेचन केले आहे.

मराठीत ग्रंथ अवतरले

तेराव्या शतकापर्यंत धर्मज्ञान प्रामुख्याने संस्कृत भाषेत होते. सामान्य प्रपंचिकास, विशेषतः स्त्रियांना आणि श्रमकरी समाजाला, त्याचा लाभ होत नसे. श्रीचक्रधरस्वामींनी आपले निरूपण लोकभाषेत केले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या अनुयायांकडून मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून त्याचा गौरव होतो. महानुभाव पंथाचे हे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडल्यानंतरच ते सर्वसामान्य वाचकांपुढे येऊ लागले.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे श्रीज्ञानेश्वर महाराजांनी भावार्थदीपिका सांगितली. गीतेच्या ७०० श्लोकांवरील सुमारे ९,००० ओव्यांचे हे निरूपण सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतले. महाराज ज्या खांबाला टेकून बसले असे परंपरा सांगते, तो पैस खांब आजही नेवाशास पाहावयास मिळतो. पुढे हा ग्रंथ हाताने लिहिल्या जाणाऱ्या प्रतींतून पसरला. एकाची चूक दुसऱ्या प्रतीत उतरली, कोणी स्वतःच्या ओव्याही मिसळल्या. तेव्हा शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी ग्रंथाचे शुद्धीकरण केले आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची भर घालू नये, अशी सूचना शेवटी नोंदवली. ज्यांनी एकनाथी भागवतासारखा विशाल ग्रंथ स्वतः रचला, त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथाचे शब्द निवडून स्वच्छ करण्यातही आपली सेवा रुजू केली. ग्रंथनिष्ठेचा याहून मोठा आदर्श शोधावा लागत नाही.

छापखाने येईपर्यंत ग्रंथाची एक प्रत सिद्ध होण्यास लेखकाचे कित्येक महिने खर्ची पडत. इ. स. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. श्रीतुकाराम महाराजांच्या अभंगांची मोठी छापील गाथा तत्कालीन मुंबई सरकारच्या साहाय्याने इ. स. १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत निघाली. ज्या ग्रंथाच्या एका प्रतीसाठी पूर्वी मठोमठी जावे लागत असे, तो आज अल्प मूल्यात घरी येतो. इतकी सुलभता असताना तो न वाचता ठेवणे हा त्या परिश्रमांचा अनादर ठरेल.

संतवाङ्मयातून दिसणारा समाज

संतग्रंथ भक्तीसाठी वाचावेत हे खरेच. पण त्याच पानांत त्या काळचा समाजही उभा आहे. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा विठ्ठलाचे परमभक्त असूनही मंदिराच्या बाहेरच राहिले. त्यांचे अभंग वाचताना ईश्वरावरील प्रेमाबरोबर त्या प्रवेशबंदीची वेदनाही ऐकू येते. त्यांच्या पत्नी सोयराबाई, भगिनी निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा यांचेही अभंग उपलब्ध आहेत. एका उपेक्षित कुटुंबाचा आवाज सातशे वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचतो, तो या वाङ्मयामुळेच. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. तिचे दर्शन घेताना हा इतिहास ज्यास ठाऊक असतो, त्याचे मस्तक अधिक विनम्रतेने लवते.

वैजापूरजवळील शिऊरच्या संत बहिणाबाईंचे आत्मकथनपर अभंगही असेच वाचनीय आहेत. मराठी स्त्रीने सांगितलेल्या आत्मचरित्राचा हा आरंभीचा नमुना मानला जातो. ब्राह्मण घरातील या स्त्रीने श्रीतुकाराम महाराजांना गुरू मानले, तेव्हा पतीचा रोष तिला सोसावा लागला. संसार न सोडता आपली श्रद्धा तिने कशी जपली, हे तिच्याच शब्दांत वाचावयास मिळते.

संतचरित्रांत महिपतीबुवा ताहराबादकरांच्या 'भक्तिविजय' ग्रंथाचे स्थान मोठे आहे. तो इ. स. १७६२ मध्ये पूर्ण झाला. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली इ. स. १२९६ मध्ये, म्हणजे दोहोंत साडेचारशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. महिपतींनी लोकश्रद्धेने जपलेल्या कथा रसाळपणे गुंफल्या. त्या भक्तिभावाने वाचाव्यात; मात्र चरित्राची ऐतिहासिक माहिती हवी असल्यास त्या त्या संतांचे स्वतःचे अभंग आणि अभ्यासकांचे ग्रंथही शेजारी ठेवावेत. दोन्ही वाचनांत विरोध नाही. एकातून भाव मिळतो, दुसऱ्यातून विवेक.

अशा अभ्यासग्रंथांची मराठीस उणीव नाही. संतांच्या चळवळीने समाज जागा केला आणि पुढील स्वराज्यास पोषक भूमी तयार झाली, असे मत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी इ. स. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठेशाहीच्या इतिहासात मांडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ते मान्य नव्हते. गं. बा. सरदार यांच्या 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात या प्रश्नाचा सविस्तर विचार आढळतो. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथास १९८७ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, एका दैवताभोवती किती लोकपरंपरा एकत्र आल्या, याचे दर्शन त्यात घडते. दुर्गा भागवतांच्या 'पैस' या पुस्तकात नेवाशाचा तो खांब एका चिंतनाचा विषय झाला आहे. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेल्या 'वाटचाल' या लेखात वारकऱ्यांच्या प्रेमाचे वर्णन आहे, तसेच एकाच दिंडीत जातीमुळे वेगळ्या बसणाऱ्या पंगतींविषयीची खंतही आहे.

काही भाविकांस असे वाटते की, असा इतिहास वाचल्याने श्रद्धा डळमळेल. अनुभव मात्र निराळा आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले व्हावे, यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले आणि ते द्वार उघडले. गुरुजींच्या मनातील श्रद्धा तेव्हा कमी झाली नव्हती. श्रद्धा होती म्हणूनच त्यांना अन्याय असह्य झाला. इतिहास जाणणारी भक्ती कठोर होत नाही, ती अधिक करुणामय होते.

आचरणास वळण देणारे ग्रंथ

स्वतःच्या स्वभावात सुधारणा व्हावी, निश्चय वाढावा, वेळेचा सदुपयोग व्हावा, या हेतूने आज अनेक पुस्तके घेतली जातात. त्या पंक्तीत आपल्या जुन्या ग्रंथांनाही मानाचे स्थान आहे. श्रीसमर्थ रामदास स्वामींच्या दासबोधाचे २० दशक आणि २०० समास आहेत. मूर्खाची लक्षणे तर त्यात आहेतच. पण भरपूर शिकूनही चुकीचे वागणाऱ्या पढतमूर्खाचीही लक्षणे समर्थांनी सांगितली आहेत. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी तर सुवाच्य अक्षर कसे काढावे आणि ग्रंथ कसा लिहावा, याचेच मार्गदर्शन आहे. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथाने अक्षराची एवढी काळजी वाहावी, यातच त्याची व्यवहारदृष्टी दिसते.

आचार्य विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता समजत नसे. सोपी मराठी गीता त्यांना हवी होती आणि ती मुलानेच करावी, असे त्यांनी सुचवले. मातोश्रींचे १९१८ मध्ये निधन झाले. पुढे विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला आणि त्यास 'गीताई' हे नाव दिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे त्यांनी गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचने केली. सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. तुरुंगातील कैद्यांसाठी बोललेली ही भाषा सर्वांस समजेल इतकी सोपी आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत. ग्रामस्वच्छता, श्रम, शिक्षण, स्त्रियांचा सन्मान, व्यसनमुक्ती अशा विषयांना त्यात धर्मकार्याची प्रतिष्ठा दिली आहे. ज्यास अध्यात्म आणि लोकसेवा यांचा मेळ घालावयाचा आहे, त्याने हा ग्रंथ अवश्य वाचावा.

ग्रंथ निवडताना

प्रथमच वाचणाऱ्याने मूळ ओव्यांबरोबर अर्थ दिलेली 'सार्थ' प्रत घ्यावी. जुन्या मराठीतील कठीण शब्दांचा कोश शेवटी असल्यास उत्तम. प्रत कोणी संपादित केली आहे, कोणत्या पोथीवरून पाठ घेतला आहे, हे प्रस्तावनेत पाहावे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आढळतात. राजवाडे यांनी जुन्या पोथीवरून १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत आणि सांप्रदायिक पठणातील प्रत यांत काही ठिकाणी शब्द निराळे दिसतील. त्यामुळे गोंधळून जाऊ नये. वृद्ध वाचकांसाठी मोठ्या टाइपातील प्रत निवडावी. संक्षिप्त आवृत्ती ही ओळखीपुरती ठीक. परंतु तीच मूळ ग्रंथ आहे, असे मानू नये. वाचनाने ताबडतोब धनलाभ वा रोगनिवारण होईल, असे आश्वासन मुखपृष्ठावर असलेली पुस्तके घेताना विवेक राखावा. आजारपणात औषधोपचार वैद्याच्या सल्ल्यानेच चालू ठेवावेत. ग्रंथवाचनाने मनाला धीर येतो, हे फलही थोडे नाही.

वाचनाचा नेम

मोठ्या ग्रंथाचे पान उघडताच मन कचरते. पण हिशेब केल्यास काम अवघड नाही. रोज २५ ओव्या वाचल्या तर ज्ञानेश्वरी सुमारे एका वर्षात पूर्ण होते. रोज एक समास घेतल्यास दासबोध सात महिन्यांच्या आत संपतो. 'गीता प्रवचने' मूळ क्रमानेच, म्हणजे दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे घेतल्यास चार महिन्यांत पूर्ण होतात. ग्रामगीतेचा आठवड्यास एक अध्याय वाचल्यास दहा महिनेही लागत नाहीत.

घरातील सर्वांनी सायंकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटे एकत्र बसावे. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. ज्यांना अक्षरओळख नाही, अशा वडीलधाऱ्यांना अनेकदा कितीतरी अभंग मुखोद्गत असतात. अर्थ सांगताना त्यांचाही आधार घ्यावा. मुलांनी शंका विचारल्यास त्यांना गप्प बसवू नये. वाचलेल्यातील जे आवडले, जे समजले नाही आणि जे आचरणात आणावयाचे आहे, त्याची एका वहीत नोंद करावी. वर्षअखेर ती वही चाळल्यास स्वतःत झालेला पालट स्वतःस कळतो. एक ग्रंथ भक्तीचा, एक समाजाच्या इतिहासाचा आणि एक आचरणाचा, असे तीन ग्रंथ आलटून पालटून वाचल्यास दृष्टी एकांगी राहत नाही.

ग्रंथदानाचे पुण्य

अन्नदानाने एका वेळेची भूक भागते. चांगला ग्रंथ अनेकांच्या हाती फिरत राहतो. दात्यांनी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयास, शाळेस अथवा वृद्धाश्रमास ग्रंथ भेट द्यावेत. तत्पूर्वी तेथे कोणत्या ग्रंथांची गरज आहे, हे विचारून घ्यावे. घरातील फाटकी, निरुपयोगी पुस्तके देणे म्हणजे ग्रंथदान नव्हे. दृष्टिहीन बांधवांसाठी ब्रेल अथवा ध्वनिमुद्रित ग्रंथ देता आले तर त्याचे मोल विशेष. लग्नकार्य, वास्तुशांती, पुण्यतिथी अशा प्रसंगी आहेर म्हणून सार्थ ग्रंथ देण्याची प्रथाही स्वागतार्ह आहे.

नेवाशास सच्चिदानंद बाबा आणि धुळ्यास साने गुरुजी, दोघांनीही दुसऱ्याचे बोल ऐकून ते पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवले. त्यांची सेवा आता वाचकाच्या हाती सोपवलेली आहे. देव्हाऱ्यातील ग्रंथाचे वस्त्र आज सोडावे, पहिले पान उघडावे आणि शेजारी बसलेल्यास ऐकू जाईल अशा स्वरात वाचनास आरंभ करावा.

॥ शुभं भवतु ॥