तापणारे एंजिन, गळणारी बोट

मोटारीचे एंजिन थंड ठेवण्यासाठी पुढे रेडिएटर असतो. बोटीला तो का बरे नसतो? कारण बोट पाण्यातच असते! भोवतालचे पाणी आत ओढायचे, एंजिनाची उष्णता त्याला द्यायची आणि ते बाहेर टाकायचे. पण जेथून पाणी आत येते, तेथूनच संकटही येऊ शकते.

१९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने ‘स्टर्न ड्राइव्ह’ बाजारात आणला. यात एंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून असते. पंखा व त्याची दंतचक्रे बाहेर पाण्यात असतात. दोहोंना जोडणारा दांडा भिंतीतील भोकातून जातो. बाहेरचा भाग वळतो, वरही उचलता येतो. म्हणून हा जोड घड्यांच्या रबरी भात्याने झाकलेला असतो.

आता थोडे गणित करू. समजा, एंजिन दर सेकंदाला ६० किलोज्यूल उष्णता पाण्याला देते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान १° से. वाढवण्यास सुमारे ४ किलोज्यूल लागतात. पाणी ३०° ने तापू द्यायचे, तर सेकंदाला ६० ÷ (४ × ३०) = ०.५ किलोग्रॅम, म्हणजे मिनिटाला सुमारे ३० लिटर पाणी हवे. प्रवाह निम्मा झाला, की तापमानवाढ दुप्पट! म्हणून एंजिन तापले, तर पाण्याच्या वाटेनेच शोध घ्यावा. प्रथम तोंडाची जाळी पाहावी. तिथे शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते. मग नळी, मग पंप. पंपाच्या चक्राची पाती रबराची असतात आणि पाणी हेच त्यांचे वंगण. बोट जमिनीवर असताना पाण्याची सोय न करता एंजिन चालवले, तर ती थोड्याच वेळात जळतात. तुटलेले तुकडे शोधून काढलेच पाहिजेत; नाहीतर ते पुढे जाऊन वाट अडवतात. शेवटी क्षारांचे थर आणि थर्मोस्टॅट पाहावा.

गळतीचे काय? एक साधी कसोटी आहे. एंजिन चालू असतानाच पाणी येत असेल, तर दोष बहुधा पंपापुढच्या नळ्यांत असतो. एंजिन बंद असतानाही येत असेल, तर संशय भात्यावर घ्यावा. रबर उन्हाने व वयाने चिरते. मात्र आतले पाणी चाखून पाहू नका; त्यात शीतक मिसळलेले असल्यास ते विषारी असते.

भात्याची चीर लहान म्हणून दुर्लक्ष करावे काय? पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर १ चौरस सेंटिमीटरची चीर घ्या. टॉरिचेलीच्या नियमाने वेग √(२ × ९.८ × ०.३), म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ मीटर. धार आकसते हे धरूनही मिनिटाला ८-९ लिटर, तासाला सुमारे ५०० लिटर पाणी आत येईल! शिवाय बोट जसजशी खाली बसते, तसतशी चीर अधिक खोल जाते. संध्याकाळी धक्क्याला बांधलेली बोट सकाळी तळाशी दिसते, ती अशी. म्हणून भाता फाटण्याची वाट न पाहता तो ठरावीक मुदतीनंतर बदलतात.

करून पाहा : शिक्षकांच्या मदतीने मोटारीचा जुना थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात टांगून पाणी हळूहळू तापवा. झडप किती अंशांवर उघडते, ते तापमापकावर वाचा. आणि सांगा पाहू, चिरेऐवजी गोल भोक असते व त्याचा व्यास दुप्पट झाला, तर गळती किती पट होईल?