आपल्या मुलाची लस, शेजाऱ्याच्या बाळाचा हक्क



मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यात माहुल वसले आहे. जुन्या कोळीवाड्यापासून जवळच प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या सातमजली इमारतींच्या रांगा आहेत. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटविल्यानंतर घाटकोपर, विद्याविहार आदी भागांतील अनेक कुटुंबांना येथे वसविण्यात आले. कुटुंब असे उठून दुसरीकडे जाते तेव्हा भांडीकुंडी सोबत येतात, परंतु बाळाच्या लसीकरणाचे कार्ड पुष्कळदा हरवते. जुना दवाखाना दूर पडतो, नव्या ठिकाणच्या आरोग्यसेविकेच्या यादीत नाव येण्यास विलंब लागतो आणि एखादी मात्रा राहून जाते. आईवडिलांच्या ते ध्यानातही येत नाही.

राहून गेलेल्या मात्रेची किंमत काय असते, हे माहुलपासून काही किलोमीटरवर असलेल्या गोवंडीने २०२२ मध्ये पाहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथील रफीनगर भागात तीन बालके अल्पावधीत दगावली आणि गोवराची साथ उघडकीस आली. पुढील आठवड्यांत ती मुंबईच्या इतर वस्त्यांत आणि राज्याच्या अन्य शहरांतही पसरली. मुंबईत दहाहून अधिक बालकांचे मृत्यू या साथीशी जोडले गेले. कोरोनाच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते. ज्या वस्त्यांत पुष्कळ मुलांच्या मात्रा राहिल्या होत्या, तेथे गोवराला मोकळी वाट मिळाली. बाधित वस्त्यांपैकी अनेक वस्त्या आपल्याच बांधवांच्या होत्या. म्हणून हा विषय आपल्या घरात, शाळेत आणि मदरशात शिकविला गेला पाहिजे.

गोवर म्हणजे काय?

आपल्याकडे गोवराला ‘अंगावर उठणे’ किंवा ‘माता येणे’ असे म्हणतात आणि तो प्रत्येक मुलाला होतो, आपोआप जातो, असे समजून घरीच पडदा लावून बसतात. बहुतेक मुले बरी होतात, हे खरे आहे. परंतु गोवराबरोबर न्यूमोनिया, तीव्र जुलाब, मेंदूची सूज आणि अंधत्वही येऊ शकते. कुपोषित आणि अगदी लहान मुलांना हा धोका सर्वाधिक असतो. शिवाय पूर्वीच्या रोगांशी लढण्याची जी शक्ती शरीराने मिळविलेली असते, तिचा मोठा भाग गोवर पुसून टाकतो. त्यामुळे बरे झालेले मूलही पुढे बराच काळ इतर आजारांना लवकर बळी पडते.

गोवराची सुरुवात ताप, खोकला, नाक गळणे आणि लाल डोळे यांनी होते. पुरळ त्यानंतर काही दिवसांनी चेहऱ्यावर व कानांमागे दिसू लागते आणि खाली पसरते. येथेच खरी अडचण आहे. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते दिसल्यानंतर चार दिवसांपर्यंत मूल हा रोग दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे ‘हा गोवर आहे’ हे आपल्याला कळण्यापूर्वीच तो वर्गात पोहोचलेला असतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांचा रोग्याशी निकट संपर्क आला, तर त्यांपैकी नऊ जणांपर्यंत तो पोहोचतो. म्हणूनच पुरळ पाहून सावध होणे पुरेसे नाही. सावधगिरी आधीच घ्यावी लागते.

ही आधीची सावधगिरी म्हणजे लस. शासकीय कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान विनामूल्य दिली जाते. नवव्या महिन्यातील मात्रेने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते. उरलेल्या मुलांसाठी दुसरी मात्रा आवश्यक असते. गोवराला वस्तीत शिरकाव मिळू नये, यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांच्या दोन्ही मात्रा पूर्ण असाव्या लागतात.

आता विचार करा. पाच-सहा महिन्यांच्या बाळाला नियमित कार्यक्रमात ही लस दिली जात नाही. त्याचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या दंडावर नसते. ते त्याच्या शाळकरी भावाच्या, शेजारच्या बहिणीच्या आणि वरच्या मजल्यावरील मुलाच्या दंडावर असते. आपण आपल्या मुलाची लस टाळतो तेव्हा केवळ आपल्या मुलाविषयीचा निर्णय घेत नाही. ज्या बाळाला बोलताही येत नाही, त्याच्याविषयीचाही निर्णय घेतो. इस्लामने शेजाऱ्याच्या हक्कावर जो भर दिला आहे तो ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी.

‘तकदीर’ आणि सावधगिरी

काही बांधव म्हणतात की आजार अल्लाहच्या हुकमाने येतो आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर संसर्गाचे अस्तित्वच नाकारले आहे. या हदीसचा संपूर्ण संदर्भ पाहिला पाहिजे. अज्ञानकाळातील अरब रोगाला स्वतंत्र शक्ती मानत. अल्लाहच्या इच्छेवाचून रोग आपल्याच सामर्थ्याने फिरतो, ही श्रद्धा प्रेषितांनी (स.) खोडून काढली. खरूज झालेल्या उंटाविषयी एका ग्रामीण अरबाने प्रश्न केला, तेव्हा पहिल्या उंटाला रोग कोणी दिला, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. परंतु आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, हा आदेशही सहीह बुखारीत त्यांचाच आहे आणि तोही हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याच कथनातून आला आहे. विद्वानांनी या दोहोंचा मेळ असा घातला आहे की, कारणांची निर्मिती अल्लाहनेच केली असून त्या कारणांपासून दूर राहण्याचा आदेशही त्याचाच आहे.

हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग तर मुलांना अवश्य सांगावा. इ.स. ६३९ च्या सुमारास ते शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे महामारी पसरल्याचे कळले. त्यांनी सोबत्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचा निर्णय केला. आपण अल्लाहच्या निर्णयापासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. होय, पण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे, अशा आशयाचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी दिले. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट कोणत्याही बाजूला चारला तरी ते अल्लाहच्या निर्णयानेच घडते, हे त्यांनी दृष्टान्ताने स्पष्ट केले. इतक्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. महामारी असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तेथे ती पसरली तर पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. यातील दुसऱ्या भागात दुसऱ्याच्या जिवाची काळजी आहे : माझ्यामुळे रोग पुढे जाऊ नये.

औषधोपचाराबाबतही शिकवण स्पष्ट आहे. उपचार करावेत काय, असे विचारणाऱ्यांना प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि वार्धक्य वगळता अल्लाहने प्रत्येक रोगावर उपाय ठेवला आहे, असे सांगितले. याच शिकवणीच्या छायेत मुस्लिम वैद्यांनी संशोधन केले. अबू बक्र राझी (सुमारे ८६५ ते ९२५) यांनी देवी आणि गोवर या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि दोहोंतील भेद लक्षणांवरून स्पष्ट केला. तोपर्यंत या दोन रोगांत सहसा गल्लत होत असे. राझींचा वारसा सांगणाऱ्या समाजाने गोवरावरील उपायाकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

लसीविषयीची शंका

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबविण्यात आली. लसीमुळे पुढे मूल होत नाही, अशा अफवा त्या काळात मोबाईलवरून फिरल्या. त्यांना कोणताही आधार नाही. जगभर कोट्यवधी मुलांनी गोवराची लस घेतली असून ती मुले मोठी होऊन आईबाप झाली आहेत. इंजेक्शनच्या जागी दुखणे, एखादा दिवस ताप किंवा हलके पुरळ येणे, हे तिचे सामान्य परिणाम आहेत.

लसीतील घटक हलाल आहेत काय, हा प्रश्न मात्र अफवांच्या पंक्तीत बसवू नये. तो श्रद्धावंताचा प्रामाणिक प्रश्न आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात बनलेल्या गोवर-रुबेला लसीबाबत याचाच विचार केला. उत्पादनप्रक्रियेत निषिद्ध घटकाचा वापर होतो, असा निष्कर्ष काढूनही, दुसरी लस उपलब्ध नाही आणि लस न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, या कारणांनी परिषदेने तिच्या वापरास अनुमती दिली. प्राणरक्षणाच्या निकडीत निषिद्धाचीही मुभा मिळते, हा शरियतचा सर्वमान्य नियम आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासाच्या आलिमना विचारावे. मात्र शंकेपोटी मात्रा लांबवीत बसू नये.

मुलांना कसे शिकवावे?

वर्गात अत्तराची कुपी उघडून एका कोपऱ्यात ठेवा. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाची मुलेही सुगंध आल्याचे सांगतील. मग कुपी बाहेर न्या. सुगंध काही काळ रेंगाळतोच. ‘गोवराचे विषाणू असेच हवेतून जातात, फक्त त्यांना वास नसतो,’ असे सांगितले की लहान मुलालाही ते समजते. यानंतर खिडक्या उघडा आणि मोकळी हवा का हवी, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

पुढचा पाठ सुन्नतचा. प्रेषित (स.) शिंकताना हात किंवा वस्त्र चेहऱ्यावर धरीत आणि आवाज दाबीत. पिण्याच्या भांड्यात श्वास सोडण्यास त्यांनी मनाई केली. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याखेरीज ते भांड्यात घालू नयेत, असे शिकविले. मुलांनी हे शिष्टाचार पाठ केलेले असतात. त्यांच्यामागे दुसऱ्याचे रक्षणही आहे, हे त्यांना दाखवून द्यावे. वुजूमुळे दिवसातून पाच वेळा हात धुतले जातात. त्यास जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाची जोड द्यावी.

कांजिण्या, गालगुंड, घटसर्प आणि डांग्या खोकला यांचीही ओळख मुलांना असावी. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी ठेवावे लागते. गालगुंडात जबड्याजवळ सूज येते. ती आल्यापासून पाच दिवस घरी थांबावे. गोवरात पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस शाळा आणि मदरसा बंद ठेवावा. घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस सहा, दहा व चौदा आठवड्यांना आणि पुढे दीड व पाच वर्षांच्या सुमारास दिली जाते. तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. गोवराच्या रुग्णाला अ जीवनसत्त्वाच्या मात्रा सलग दोन दिवस देतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्याव्यात. श्वास जोरात चालणे, पाणी न पिणे, गुंगी किंवा झटके दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. पूर्ण हजेरीचे कौतुक करताना, आजारी असताना घरी थांबणाऱ्या मुलाचेही कौतुक करावे. तेही शेजाऱ्याचा हक्कच अदा करीत असते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. पुरळ दिसण्यापूर्वीच गोवर कसा पसरतो?
२. हजरत उमर (रजि.) परत का फिरले?
३. आपल्या मजल्यावर नऊ महिन्यांहून लहान बाळ कोणाकडे आहे? त्याच्यासाठी आपण काय करू शकतो?
४. आपले लसीकरण कार्ड कोठे आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आज रात्रीच शोधा. कार्ड सापडले नाही तर जवळच्या पालिका दवाखान्यात जा आणि मुलाचे वय सांगा. कार्ड हरवले म्हणून लस नाकारली जात नाही आणि नियमित वेळ टळली तरी राहिलेली गोवर-रुबेला मात्रा पाच वर्षांपर्यंत तेथे देता येते. मूल त्याहून मोठे असेल तर तेथील डॉक्टरांचा सल्ला घ्या.

संतती ही अल्लाहची अमानत आहे आणि शेजाऱ्याची संततीही त्याचीच अमानत आहे. या दोन्ही अमानतींचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना आरोग्य देवो आणि आपल्याला आपले कर्तव्य पार पाडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.