लेकरू, पिल्लू आणि ओरखडा

वस्तीतली लेकरं रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू उचलून घरी आणतात. माया करू द्या, पण लहान मूल आणि पिल्लू यांना एकटं सोडू नका. पिल्लू खात असताना किंवा झोपलेलं असताना त्याला हात लावायचा नाही, शेपूट ओढायची नाही, तोंड चाटू द्यायचं नाही, हे मुलांना रोज सांगा. खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा, नाहीतर जंत होतात. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या.

लहान पिल्लापासून रेबीज होत नाही, हा समज खोटा आहे. दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. चटणी, हळद, चुना लावू नका. अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सोलापूरच्या सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथे लस मोफत मिळते. आता पोटात नाही, दंडात टोचतात; तान्ह्या बाळाला मांडीत. सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

मूल ओरखडा लपवतं ते माराच्या भीतीने. म्हणून आई-बाबांनो, आधी जवळ घ्या, जखम धुवा. रागवायचं नंतर बघू.